वार्धक्यातील बलोपासना

मनुष्याचे वय जसजसे वाढत जाते तसतसे त्याच्या शरीराचे बल ओसरते आणि बुद्धी मात्र परिपक्व होते, अशी आपल्या समाजात एक सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीला अनुसरूनच आपण वृद्धांशी वागतो. त्यांच्या हातातील ओझे काढून घेतो आणि तंट्याचा निवाडा त्यांच्याकडे सोपवितो. त्यांस जिना चढू देत नाही, पण लग्नाची बोलणी त्यांच्यावाचून करीत नाही. शरीर आणि बुद्धी ही जणू दोन निरनिराळी भांडवले असून पहिले खर्ची पडले तरी दुसरे व्याजासह शिल्लक राहते, असा हा हिशेब आहे. गेल्या काही दशकांत या हिशेबाविषयी गंभीर शंका उत्पन्न झाली आहे. वृद्धांनी बलवर्धक व्यायाम केला, म्हणजे केवळ फिरावयास जाणे नव्हे तर वजने उचलणे, बैठका काढणे, स्नायूंस क्रमाक्रमाने अधिक भार घेण्याची सवय लावणे हे केले, तर त्यांच्या स्मरणशक्तीस व विचारशक्तीसही लाभ होतो, असे काही वैद्यकीय प्रयोगांत दिसून आले आहे. हे जर खरे असेल, तर जो प्रश्न आजवर केवळ वैद्यकाचा होता तो नीतिशास्त्राचाही होतो. सत्तरीच्या गृहस्थाने रोज सकाळी वजने उचलावी, हा जीविताचा हव्यास समजावा की कर्तव्य समजावे? आणि कर्तव्य समजल्यास, ज्याने ते केले नाही व ज्याची स्मृती पुढे गेली, त्याला आपण काय म्हणावे? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण नीतीचा निर्णय वस्तुस्थितीच्या पुढे धावू लागला म्हणजे त्याचा नुसता उपदेश होतो, आणि उपदेशाला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. वयाच्या तिशी-चाळिशीपासून मनुष्याचे स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर ही झीज वेगाने होते. या झिजेला फार दिवस स्वतंत्र नावदेखील नव्हते. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्याने 'मांस' आणि 'ऱ्हास' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून 'सार्कोपीनिया' हे नाव सुचविले. तोपर्यंत ही झीज केस पिकण्याइतकीच अटळ आहे, असे बहुतेकांस वाटे. परंतु लगेच पुढील वर्षी, म्हणजे १९९० साली, बॉस्टन येथील वृद्धांच्या एका शुश्रूषागृहातील प्रयोग प्रसिद्ध झाला. मरिया फियाटारोन व त्यांचे सहकारी यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या १० वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांपैकी ९ जणांनी तो तडीस नेला, आणि त्यांच्या पायांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. १९९४ साली याच संशोधकांनी १०० दुर्बल वृद्धांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. त्यात नुसत्या पौष्टिक आहाराने दुर्बलता हटली नाही, व्यायामाने मात्र ती कमी झाली. नव्वदीतील स्नायूही शिकविल्यास शिकतो, एवढे यावरून निर्विवाद ठरले.

तथापि स्नायू बळकट होणे वेगळे आणि बुद्धी तरतरीत राहणे वेगळे. त्यासंबंधीचा पुरावा पुढे हळूहळू जमू लागला. २००७ साली ब्राझीलमधील एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यात ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ६२ पुरुषांना घेतले होते. २४ आठवडे वजने उचलणाऱ्यांची बुद्धीच्या चाचण्यांतील कामगिरी इतरांहून सुधारलेली दिसली. २०१० साली कॅनडातील व्हँकूवर येथील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात त्याच वयाच्या १५५ स्त्रियांचे तीन गट करून त्यांस एक वर्ष व्यायाम दिला होता. दोन गटांनी वजने उचलली, एकाने आठवड्यातून एकदा व दुसऱ्याने दोनदा. आणि तिसऱ्या गटाने केवळ तोल सांभाळण्याचे व अंग मोकळे करण्याचे व्यायाम केले. वर्षाअखेर त्यांची एक मौजेची परीक्षा घेण्यात आली. 'तांबडा' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असावयाचा, आणि परीक्षार्थीने शब्द न वाचता शाईचा रंग सांगावयाचा. डोळ्यांस सवयीने जे दिसते ते बाजूस सारून जे विचारले आहे तेवढ्याचेच उत्तर देणे, हा विवेकाचा पहिला धडा होय. म्हणून ही परीक्षा दिसते तितकी पोरकट नाही. वजने उचलणाऱ्या दोन गटांची तीतील कामगिरी अनुक्रमे १२.६ व १०.९ टक्क्यांनी सुधारली. तिसऱ्या गटाची किंचित खालावली. पुढे फियाटारोनबाईंनी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे, ज्यांच्या स्मृतीला नुकतीच ओहोटी लागली होती अशा ५५ वर्षांवरील १०० जणांवर सहा महिने प्रयोग केला. २०१४ व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तान्तांतून असे दिसते की, भरीव वजनांच्या व्यायामाने त्यांची बुद्धी एकंदरीत सुधारली, आणि ज्यांचे बल अधिक वाढले त्यांस हा लाभही अधिक झाला.

असे का व्हावे, याची उपपत्ती अद्याप पूर्ण लागलेली नाही. परंतु तिचे काही धागे हाती आले आहेत. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो, त्यामुळे मधुमेहास आळा बसतो. आणि मधुमेह हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या कारणांपैकी एक आहे. ताण सोसणारा स्नायू रक्तात काही द्रव्ये सोडतो, आणि त्यांपैकी काहींचा मेंदूतील पेशींच्या पोषणाशी संबंध असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. शिवाय ज्याचे पाय भक्कम आहेत तो सहसा पडत नाही. आणि पडून खाटेस खिळलेल्या मनुष्याचे जग त्या खाटेएवढेच होऊन बसते, हे कोणत्याही घरात पाहावयास मिळते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. बुद्धी हा पोहरा आणि शरीर हा आड, ही कल्पना आजवर अलंकारिक वाटे, ती आता बरीचशी अक्षरशः खरी ठरू पाहात आहे.

येथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता; परंतु जी माहिती आपल्या मताला सोयीची नाही तीही वाचकांसमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे. व्हँकूवरच्या ज्या प्रयोगात स्त्रियांची विचारशक्ती सुधारली, त्यातच वजने उचलणाऱ्या दोन्ही गटांतील स्त्रियांच्या मेंदूचे एकंदर आकारमान वर्षाअखेर काहीसे घटलेले आढळले. आणि ही गोष्ट संशोधकांनी प्रामाणिकपणे नमूद केली आहे. अमेरिकेत ७० ते ८९ वर्षे वयाच्या, बैठे आयुष्य घालविणाऱ्या १६३५ जणांवर दोन वर्षे चाललेल्या मोठ्या प्रयोगाचा बुद्धिविषयक निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चालणे व बलवर्धन असा मिश्र व्यायाम करणारे आणि केवळ आरोग्यावरील व्याख्याने ऐकणारे यांच्या बुद्धीत एकंदरीने काही फरक दिसला नाही. आणि इंग्लंडातील ज्या प्रयोगाचा निकाल २०१८ साली लागला, तो तर मन उदास करणारा आहे. स्मृतिभ्रंश जडलेल्या ४९४ रुग्णांपैकी काहींना चार महिने चांगला कसून व्यायाम दिला. त्यांची शरीरे सुधारली, परंतु स्मृतीचा ऱ्हास थांबला नाही. किंबहुना वर्षाअखेर व्यायाम करणाऱ्यांची स्थिती इतरांहून किंचित वाईटच आढळली.

या दोन्ही बाजू समोर ठेवल्या म्हणजे निष्पन्न होते ते इतकेच: वृद्धांनी योग्य मार्गदर्शनाखाली केलेल्या बलवर्धक व्यायामाने शरीराची शक्ती वाढते, हे निश्चित, त्याने बुद्धीस काही लाभ होण्याचा बराच संभव आहे, विशेषतः ऱ्हास फार झालेला नसेल तेव्हा, आणि एकदा रोगाने घर केले म्हणजे व्यायामाने तो परतविता येतो, असे म्हणण्यास आधार नाही. म्हणजे येथे शक्यता आहे, हमी नाही. आमच्या मते या विषयातील सारा नैतिक गुंता या एकाच गोष्टीत साठलेला आहे; कारण ज्या कर्माचे फळ निश्चित असते तेथे व्यवहार पुरेसा होतो, आणि ज्याचे फळ मुळीच नसते तेथे प्रश्नच उद्भवत नाही.

आता पहिला आक्षेप पाहू. तो विरक्तीचा आहे. आपल्या आश्रमव्यवस्थेने उत्तरवयात संसारातून हळूहळू अंग काढून घ्यावयास सांगितले. मग म्हाताऱ्याने दंडांतील बेटकुळ्या चाचपीत बसावे, हे त्या आदर्शाशी कसे जुळते? हा आक्षेप केवळ आपलाच नाही. रोमन वक्ता सिसरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये वार्धक्यावर जो संवाद लिहिला, त्यात वृद्ध केटो क्रोटोनच्या मायलो या मल्लाची गोष्ट सांगतो. म्हातारपणी आखाड्यात तरुणांना कसरत करताना पाहून मायलो आपल्या दंडांकडे पाही आणि ते मेले म्हणून रडू लागे. केटो त्याचा उपहास करतो. कारण ज्याची सारी योग्यता दंडांत होती, त्याच्या दंडांबरोबर तो स्वतःच संपला. हा उपहास यथार्थ आहे. परंतु तोच केटो पुढे असेही सांगतो की, वार्धक्याशी रोगाशी झुंजावे तसे झुंजले पाहिजे, माफक व्यायाम केला पाहिजे, आणि त्याहूनही मनाची काळजी अधिक घेतली पाहिजे. तो स्वतः दिवसभरात जे बोलला, ऐकले आणि केले त्याची रोज सायंकाळी उजळणी करीत असे. म्हणजे मायलोचा दोष बलाची काळजी घेण्यात नव्हता, बलालाच साध्य मानण्यात होता. आपल्या कालिदासानेही 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात शरीराची हेळसांड करून धर्म साधत नाही, अशा अर्थाची सूचना घातली आहे, ती भोगी मनुष्याला उद्देशून नव्हे. बटूचा वेष घेतलेला शंकर घोर तप करणाऱ्या पार्वतीला ती करतो. तपस्व्यालाही शरीर लागते, मग संसारात राहणाऱ्या वृद्धाला ते लागते हे सांगावयास नको.

दुसरा आक्षेप आपल्या वैद्यकातूनच येतो आणि तो दडवून ठेवणे बरे नव्हे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या प्रकरणात व्यायामाची स्तुती केली आहे; पण तो कोणी करू नये हे सांगताना बालक आणि अजीर्णाचा रोगी यांच्या पंक्तीस त्याने वृद्धालाही बसविले आहे. शतकानुशतके हे वचन आपल्या घरांतून प्रमाण मानले गेले. परंतु त्याच ठिकाणी, जो बलवान आहे व स्निग्ध अन्न खातो त्यानेही आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, असे तो सांगतो. यावरून व्यायाम म्हणताच त्याच्या डोळ्यांसमोर आखाड्यातील घामाघूम करणारी मेहनत असावी, असे आम्हांस वाटते; आणि ती वृद्धाने एकाएकी करू नये हे आजचे वैद्यही सांगतील. आज ज्या व्यायामाची चर्चा चालली आहे तो प्रत्येकाची शक्ती मोजून, थोड्यापासून आरंभ करून, पायरीपायरीने वाढविलेला असतो. वाग्भटाने हा प्रयोग केला नव्हता. १९९० साली तो झाला. ज्या परंपरेने निरीक्षणाला एवढा मान दिला, तिच्या अभिमान्यांनी नवे निरीक्षण नाकारू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांत, वृद्धांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे बल वाढविणारा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

आता कर्तव्याचा विचार. हर्बर्ट स्पेन्सर याने १८६१ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात आरोग्यरक्षण हे कर्तव्य असून शारीरिक नीती म्हणूनही काही असते, असे प्रतिपादिले होते. एका काळी महाराष्ट्रातील सुशिक्षितांत त्याचे हे मत फार गाजले. उलट मिल याने १८५९ साली 'लिबर्टी'वरील निबंधात असे म्हटले की, ज्या दोषाने केवळ स्वतःचे नुकसान होते त्याबद्दल मनुष्य मूर्ख ठरेल, पण अनीतिमान ठरणार नाही. दुसऱ्याचे काही निश्चित देणे त्याने बुडविले तरच तो नीतीच्या न्यायासनापुढे येतो. आम्हांस मिलची कसोटी अधिक काटेकोर वाटते. म्हणून तिलाच उतरवून पाहावे: वृद्धाचा आळस हा केवळ त्याचा स्वतःचा असतो काय? आपल्याकडील घर ज्याने पाहिले आहे तो असे म्हणणार नाही. म्हातारपणी पाय गेले किंवा स्मृती गेली म्हणजे त्या घरातील कोणाचे तरी हात बांधले जातात, आणि ते बहुधा पत्नीचे, सुनेचे किंवा मुलीचे असतात. तिची नोकरी, तिची झोप, तिच्या आयुष्याची पाच-दहा वर्षे त्यात जातात. ही सेवा ती प्रेमाने करील. परंतु तिच्या प्रेमावर भिस्त ठेवून आपण हातपाय न हलविता बसून राहावे, हे न्यायाचे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठीपुढील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्या प्रत्येकाच्या मागे उभ्या असलेल्या व्यक्तींची मोजदाद त्या आकड्यात नाही.

याहूनही मोठे कारण आहे. विचारशक्ती हे सर्व कर्तव्यांचे साधन आहे. दिलेला शब्द आठवणे, आपली चूक ओळखणे, रागाच्या भरात तोंडावर आलेला शब्द मागे घेणे, मृत्युपत्र लिहिताना पक्षपात न करणे, ही सर्व कामे शाबूत बुद्धीवर अवलंबून असतात. ज्या साधनावाचून कोणतेही कर्तव्य पार पाडता येत नाही ते साधन जपण्याचा यथाशक्ति प्रयत्न करणे हेही कर्तव्यच होय; मग त्या प्रयत्नाला यश येवो वा न येवो. शिपायाने तरवार घासून ठेवावी. लढाई त्याच्या हाती नसते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. एखादी गोष्ट कर्तव्य ठरली की ती न करणारा दोषी ठरतो. आणि दोष द्यावयास मनुष्यस्वभाव नेहमीच उतावीळ असतो. 'नियमित व्यायाम केला असता तर ही वेळ आली नसती', हे वाक्य आजकाल रुग्णाच्या उशाशी बसून लोक सहज बोलून जातात. पूर्वी हाच मनुष्य 'पूर्वजन्मीचे पाप' म्हणाला असता; आता तो 'जीवनशैली' म्हणतो. भाषा पालटली, निष्ठुरपणा तोच राहिला. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या मंडळाने, जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध टाळता किंवा लांबविता येण्याजोग्या १४ कारणांशी जोडला. हा आकडा दोषारोप करणाऱ्यांच्या तोंडी असतो. पण ती १४ कारणे ते वाचीत नाहीत. शारीरिक निष्क्रियता हे त्यांपैकी एक आहे; बालपणी शिक्षण न मिळणे हेही एक आहे, दूषित हवा हेही एक आहे, ऐकू कमी येणे हेही एक आहे. जिला दुसरीतून काढून घरकामाला जुंपले त्या मुलीने सत्तराव्या वर्षी किती बैठका काढल्या म्हणजे ते शिक्षण भरून निघेल? आणि ही १४ कारणे सर्वस्वी दूर केली तरी अर्ध्याहून अधिक रोग उरतोच. हे आकडे समाजाविषयी आहेत. कोणा एका मनुष्याविषयी त्यांवरून निवाडा देता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, व्यायाम हे कर्तव्य मनुष्याने स्वतःस लावून घ्यावयाचे आहे, दुसऱ्याला लावावयाचे नाही. ते पुढे पाहून करावयाचे आहे; मागे पाहून त्यावरून कोणाचा हिशेब करावयाचा नाही. फळाची आशा न धरता कर्म करावे, हा सिद्धान्त आपण सभांतून पुष्कळ ऐकतो. परंतु जेथे फळाची खरोखरच खात्री नाही अशा रोजच्या क्षुल्लक कर्मात तो उतरला तरच त्याची किंमत कळते. पहाटे उठून वीस बैठका काढणारा म्हातारा स्मृती टिकविण्याचा सौदा करीत नाही, आपल्याकडून होण्यासारखे होते ते करतो.

येथे एक घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे, कारण या विषयाकडे आमचे लक्ष प्रथम ग्रंथांनी वेधले नाही. आमचे वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर ते तालुक्याच्या गावी जुन्या घरात राहात. परसात आड होता, आणि सत्तरी उलटल्यावरही ते रोज सकाळी दहा-बारा कळशा पाणी शेंदून स्वयंपाकघरात नेऊन ठेवीत. एका सुट्टीत आम्ही घरी गेलो आणि ते दृश्य पाहून आम्हांस लाज वाटली. मुलगा प्राध्यापक आणि बापाने पाणी वाहावे! आम्ही आठ दिवसांत विजेचा पंप बसविला. बाजारातून पिशवी आणावयास एक मुलगा ठेविला. माडीवरचे त्यांचे अंथरूण खालच्या खोलीत आणले. शेजाऱ्यांनी आमची वाखाणणी केली. वडील म्हणाले, 'मग आता मी काय करू?' आम्ही हसून म्हणालो, 'अण्णा, आता बसा आरामात.' ते बसले. तीन वर्षांनी त्यांस खुर्चीतून उठावयास दोन्ही हातांचा टेकू लागू लागला. पुढे ते नावे विसरू लागले, आणि एके दिवशी देवळातून घरी येण्याची वाट विसरले.

पंपामुळे त्यांची स्मृती गेली, असे आम्ही म्हणत नाही. वर सांगितलेल्या प्रयोगांच्या मर्यादा ज्याच्या ध्यानी आल्या आहेत तो असे कधीच म्हणणार नाही. कदाचित अखेरपर्यंत पाणी शेंदूनही तेच झाले असते. आमची चूक कार्यकारणाची नव्हे, वेगळीच आहे. त्यांच्या प्रश्नाला आम्ही प्रश्न समजलोच नाही. 'मी काय करू' असे ज्याने विचारले त्याला काही करावयाचे होते, आणि आम्ही त्याला विश्रांती बक्षीस दिली. सेवा करण्याचे समाधान आम्ही घेतले आणि श्रम करण्याचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेतला. ज्याच्यापुढे आपण वाकतो त्याला आपणच हळूहळू शोभेची वस्तू करून ठेवतो, आणि याला आदर म्हणतो. वृद्धांना पडू न देणे हे आपले काम आहे खरे. पण पडतील या भीतीने त्यांस उभेच राहू न देणे, ही सेवा नव्हे. आमच्या मते बलोपासनेचे कर्तव्य केवळ वृद्धांचे नाही. ते जितके त्यांचे, तितकेच त्यांच्या मुलांचे: पिशवी हिसकावून न घेता ती बेताची भरून देण्याचे, जिन्याला कठडा बसविण्याचे, आणि त्यांच्या संथ गतीने चालण्याइतका धीर धरण्याचे.

एक गोष्ट राहिली. वरील सर्व विवेचन ज्यांचे आयुष्य खुर्चीवर गेले अशा आमच्यासारख्यांस उद्देशून आहे. जिने साठ वर्षे डोक्यावरून हंडे वाहिले, विटा वाहिल्या, उसाच्या मोळ्या वाहिल्या, तिला व्यायामाचा उपदेश करणे ही थट्टा होईल. कष्ट आणि व्यायाम यांत स्नायूला फरक कळत नसेल, मनुष्याला कळतो. व्यायामात भार आपण ठरवितो, दोन दिवसांनी विश्रांती घेतो आणि वर पोटभर अन्न खातो. कष्टात यांपैकी एकही गोष्ट आपल्या हाती नसते. तिच्या बाबतीत कर्तव्य तिचे नाही, समाजाचे आहे. ते म्हणजे तिच्या डोक्यावरचा हंडा उतरविण्याचे, आणि तो उतरल्यावर तिला कोपऱ्यात न बसविण्याचे. बलोपासनेची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. गावोगावच्या तालमी आणि मारुतीची देवळे तिची साक्ष देतात. अमरावतीस १९१४ पासून आणि पुण्यास १९२४ पासून व्यायामाच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. परंतु तालमीचे दार आपण नेहमी तरुण पुरुषांसाठीच उघडे ठेविले. म्हाताऱ्यांनी, आणि विशेषतः म्हाताऱ्या स्त्रियांनी, आत जाऊन दोन वजने उचलावी, ही कल्पना अद्याप आपल्यास हास्यास्पद वाटते. ती हास्यास्पद वाटेनाशी होईल तो सुदिन.

आमच्यापुरते सांगावयाचे तर पन्नाशी उलटल्यावर आम्ही आठवड्यातून दोन दिवस बैठका काढतो आणि वाळूने भरलेल्या दोन पिशव्या उचलतो. याने आमची स्मृती शाबूत राहील की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु उद्या आमच्या मुलांनी आमच्या हातातील पिशवी घ्यावयास हात पुढे केला, तर ती घट्ट धरून ठेवण्याइतके बळ आमच्या बोटांत असावे, एवढी इच्छा आहे. आणि गावच्या घरी गेलो म्हणजे पंप बंद ठेवून आम्ही एक कळशी आडातून शेंदतो. तिसऱ्या कळशीला दम लागतो; वडील बाराव्या कळशीनंतरही अंगण झाडावयास घेत.